ऑक्टोबरातली क्रांती नोव्हेंबरात

प्रार्थना, शिस्त आणि पॉलिश केलेले बूट यांविषयी आपल्या कॅथलिक शाळेच्या या स्मरणिकेत बरेच जण लिहितील. मी दोन तासांविषयी लिहितो. एक सिस्टरांचा सामाजिक शास्त्राचा आणि दुसरा त्याला लागूनच येणारा फादरांचा फ्रेंचचा. वेळापत्रक कुणी आखलं देव जाणे, पण या दोन तासांमध्ये घंटा व्हायची एवढंच. विषय बहुतेक वेळा तोच पुढे चालायचा.

एकदा सिस्टरांनी वर्गात येताच विचारलं, "४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी तारीख कोणती होती?" उत्तर होतं १५ ऑक्टोबर. जुन्या कालगणनेतलं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा काही मिनिटांनी मोठं, त्यामुळे शतकानुशतकं चूक साठत गेली आणि वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होण्याचा क्षण, दहा दिवस अलीकडे सरकला. ईस्टरचा सण त्यावर ठरतो, म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा तारखा गाळूनच टाकल्या. स्पेन, पोर्तुगालने लगेच मान्य केलं. पोपला न मानणाऱ्या इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत नाही, आणि तोवर गाळायच्या तारखा अकरा झाल्या होत्या. "गणित बरोबर होतं, पण ते पोपने सांगितलं होतं ना!" असं म्हणून सिस्टर स्वतःच हसायच्या. रशियाने तर १९१८ साली बदल केला. म्हणून तिथल्या १९१७ च्या ज्या क्रांतीला ऑक्टोबर क्रांती म्हणतात ती आपल्या हिशेबाने ७ नोव्हेंबरला झाली. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा आणि हमखास अर्धा वर्ग गळायचा.

घंटा झाली, फादर आले. फळा पुसायचा नाही, अशी त्यांची ताकीद असायची. त्याच तारखांखाली त्यांनी फ्रेंच महिने लिहिले, पण जानेवारी-फेब्रुवारी नव्हेत. ब्रुमेर, थर्मिदोर, फ्लोरेआल. राज्यक्रांतीनंतर १७९३ साली फ्रान्सने स्वतःचं कॅलेंडर काढलं, त्यात आठवडा दहा दिवसांचा. रविवारच गेला! विश्रांतीचा दिवस सातवा होता तो दहावा झाला. १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने ते मोडीत काढलं. एका धर्मगुरूने रविवार बुडवणाऱ्यांची गोष्ट इतकी रंगवून सांगावी, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

उच्चारांच्या बाबतीत फादर भलते कडक. कागदाची पट्टी ओठांसमोर धरायची आणि 'प' म्हणायचा; पट्टी हलली की पुन्हा. इंग्रजी वळणाने बोलणाऱ्यांची पट्टी फडफडायची, आम्हा मराठी पोरांची ढिम्म. 'प' आणि 'फ' वेगळे ठेवायची सवय आम्हाला आयतीच होती. वर्षभरात पहिल्यांदा फादरांनी शाबासकी दिली ती त्या दिवशी. अनुनासिक स्वरांसाठी मात्र त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, 'अं बों वॅं ब्लां'. चारही अनुनासिक स्वर एका दमात येतात. पांढऱ्या झग्यातले वयस्क फादर आणि त्यांच्यामागून 'एक उत्तम पांढरी वाइन' असं तारस्वरात घोकणारी आठवीतली चाळीसेक पोरं! मुख्याध्यापिका एकदा दारात येऊन थबकल्या आणि काही न बोलता पुढे गेल्या.

दोन्ही तासांना मिळून एकच जगाचा नकाशा होता, कडा चिकटपट्टीने जोडलेला. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाची रेघ सिस्टरांनी त्यावर पेन्सिलीने ओढली होती. युरोपबाहेर नव्याने सापडणाऱ्या मुलखातलं रेघेच्या पूर्वेचं पोर्तुगालचं, पश्चिमेचं स्पेनचं. आदल्या वर्षी पोप अलेक्झांडर सहावे यांनी अशीच वाटणी करून दिली होती, पोर्तुगालला ती पटली नव्हती. "जिथे माणसं राहत होती, तिथल्यांना कोणी विचारलं?" हा सिस्टरांचा प्रश्न. फादर पुढच्या तासाला त्याच रेघेवर बोट ठेवून सांगायचे, ब्राझील पोर्तुगीज का बोलतो आणि शेजारचे स्पॅनिश का.

मी कॅथलिक नाही. "तिथे तुम्हाला काय शिकवतात?" असं नातेवाईक खोदून विचारायचे, तेव्हा मी गॅलिलिओचं सांगायचो. १६३३ साली चर्चने त्याला दोषी ठरवलं, मरेपर्यंत घरात नजरकैदेत ठेवलं, हे सिस्टरांनी पुस्तकापेक्षा सविस्तर शिकवलं. १९९२ च्या ऑक्टोबरअखेरीस पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या प्रकरणातली चूक मान्य केली, तेव्हा सिस्टरांनी वर्तमानपत्राचं कात्रण सूचनाफलकावर लावलं आणि आम्हाला वजाबाकी करायला लावली. तीनशे एकोणसाठ. "उशीर झाला," एवढंच म्हणाल्या आणि हजेरी घेऊ लागल्या.

फादर तरुणपणी लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायचे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लोकांच्या भाषा वेदीवर आल्या. लॅटिनची आठवण येते का, असं विचारल्यावर म्हणाले, "गाताना येते, प्रवचन देताना नाही."

आता फ्रेंच 'स्कोअरिंग' म्हणून घेतात आणि सामाजिक शास्त्र परीक्षेपुरतं घोकतात, असं भाचरं सांगतात. मार्क मिळू देत, माझी तक्रार नाही. जमलं तर हे दोन तास मात्र लागूनच ठेवावेत आणि मधे फळा पुसू नये.