शेजारणीच्या फोनवर

३ ऑक्टोबर २०२५ ला कँटरबरीच्या नव्या आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सगळ्यात वरिष्ठ धर्मगुरू म्हणून सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं, तेव्हा आमच्या ऑफिसात टाळ्या वाजल्या. संत ऑगस्टीन ५९७ साली केंटला उतरले तेव्हापासूनच्या त्या गादीवर पहिल्यांदाच एक बाई बसणार होती. मीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. पण संध्याकाळी बसमध्ये बसले आणि ती गादी ज्या दुपारी रिकामी होणार हे कळलं, ती दुपार डोळ्यांपुढे आली. तिच्याबद्दल मी कुणाशी धड बोललेले नाही. म्हणून आता लिहून ठेवते आहे.

मी पुण्याची, पंचहौदची. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या आवारात लहानाची मोठी झाले. १९७० साली आमची अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली मंडळी इतरांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली, पण आजी शेवटपर्यंत जुनं मराठी प्रार्थनापुस्तकच उघडायची. त्या पुस्तकाच्या शिस्तीत दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिलेली असतात, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. आज तारीख कोणती यावर आज काय वाचायचं ते ठरतं. आपल्या मनाला काय बरं वाटेल त्यावर नाही. ही सवय मी इंग्लंडला येताना बरोबर आणली.

इथे चर्च ऑफ इंग्लंडच्या बेचाळीस डायोसिसपैकी, म्हणजे एकेका बिशपच्या हाताखालच्या विभागांपैकी, एका डायोसिसच्या कचेरीत मी संपर्क विभागात काम करते. वेबसाइट, फेसबुकचं पान, स्थानिक पेपर आणि रेडिओवाल्यांचे फोन हे माझं काम. कुठल्या तरी खेड्यातल्या चर्चचं रविवारचं थेट प्रक्षेपण मध्येच बंद पडलं की तिथल्या व्हिकरचा, म्हणजे पाळकाचा, फोनही मलाच.

७ नोव्हेंबर २०२४ च्या गुरुवारी जॉन स्माइथच्या अत्याचारांबद्दलचा मेकिन अहवाल प्रसिद्ध झाला. स्माइथ हा नामांकित बॅरिस्टर. उच्चभ्रू शाळांतल्या मुलांसाठी डॉर्सेटमध्ये ख्रिस्ती शिबिरं भरायची, ती चालवणाऱ्या ट्रस्टचा तो अध्यक्ष होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून त्याने विंचेस्टरच्या आपल्या घरामागच्या शेडमध्ये मुलांना आणि तरुणांना पाठी रक्ताळेपर्यंत छडीने मारलं. कारण काय, तर पापाचं प्रायश्चित्त. १९८२ मध्ये शिबिराच्या वर्तुळातच एक गोपनीय टिपण तयार झालं. काही जणांनी ते वाचलं आणि पोलिसांकडे कुणीच गेलं नाही. १९८४ मध्ये स्माइथ झिंबाब्वेला गेला, तिथेही त्याने शिबिरं काढली आणि तिथेही मुलांना मारलं. इंग्लंड आणि आफ्रिका मिळून शंभरावर मुलं. २०१७ मध्ये चॅनल फोरच्या बातम्यांनी हे सगळं उघड केलं आणि २०१८ मध्ये तो केप टाउनला मेला. खटला उभा राहिलाच नाही. अहवालाचा सगळ्यात जड भाग मात्र स्माइथबद्दल नव्हता. २०१३ पासून चर्चच्या अगदी वरच्या पातळीवर हे ठाऊक होतं आणि तेव्हाच पोलिसांकडे रीतसर जाता आलं असतं, जायला हवं होतं, असं त्यात म्हटलं होतं. जस्टिन वेल्बी आर्चबिशप झाले तेही २०१३ सालीच.

पुढचे चार दिवस माझा फोन बंद म्हणून झाला नाही. जनरल सिनॉडच्या, म्हणजे चर्चचे नियम ठरवणाऱ्या सभेच्या, तीन सदस्यांनी आर्चबिशपांच्या राजीनाम्यासाठी ऑनलाइन अर्ज काढला. सोमवारपर्यंत त्यावर दहा हजारांहून जास्त सह्या झाल्या आणि त्याच दिवशी न्यूकॅसलच्या बिशप हेलन-अ‍ॅन हार्टली यांनी उघडपणे तीच मागणी केली. मधला रविवार युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा होता. आमच्या पानावर मी कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर ठेवलेल्या लाल पॉपींच्या चक्रांचे फोटो टाकले होते. त्या फोटोंखाली सैनिकांबद्दल जेमतेम पाच-सहा लोकांनी लिहिलं. बाकी सगळ्या कमेंट अहवालाबद्दल होत्या. काहींत नुसत्या शिव्या, पण बऱ्याच कमेंट शिव्या नव्हत्या.

आमच्याकडे नियम असा, की कमेंटमध्ये एखाद्या माणसाचं नाव घेऊन आरोप असेल तर ती हाइड करायची. नियमाला कारण आहे. तो माणूस निर्दोष असू शकतो, पोलिसांचा तपास बिघडू शकतो. पण हाइड म्हणजे नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं. कमेंट पुसली जात नाही. जिने किंवा ज्याने ती लिहिली त्या व्यक्तीला ती दिसत राहते, तिच्या फेसबुकवरच्या मित्रमंडळींनाही दिसते. बाकी जगाला दिसत नाही. लिहिणाऱ्याला वाटत राहतं की आपण बोललो, सगळ्यांनी वाचलं आणि कुणीच काही म्हणालं नाही.

सोमवारी रात्री घरी सोफ्यावर बसून मी तीसेक कमेंट हाइड केल्या. थकले होते. नाव दिसलं की हाइड, नाव दिसलं की हाइड. पूर्ण वाचत नव्हते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. बाराव्या दिवसाची सकाळची स्तोत्रं बासष्ट, त्रेसष्ट आणि चौसष्ट. चौसष्टाव्यात दुष्टांबद्दल येतं की ते गुपचूप फास मांडण्याची बोलणी करतात आणि म्हणतात, आपल्याला कोण पाहणार? चहाचा कप हातात धरून मी ती ओळ दोनदा वाचली. मला तेव्हा स्माइथ आठवला, त्याच्याबद्दलचं टिपण दडवणारे आठवले. मी स्वतः आठवले नाही.

दुपारी एकच्या सुमारास रिसेप्शनवरून फोन आला. कुणी गृहस्थ आहेत, फेसबुकबद्दल विचारताहेत, त्यांना कुणाकडे पाठवू कळत नाही. मी म्हटलं, दे.

आवाज साठीपुढचा होता, संथ. त्यांनी आधी माझं नाव विचारलं, नीट उच्चारता येईपर्यंत दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "मी काल संध्याकाळी तुमच्या पानावर काहीतरी लिहिलं. माझ्या फोनवर ते दिसतंय. माझी बहीण फेसबुकवर नाही, तिने शेजारणीच्या फोनवर पाहिलं. तिथे ते नाहीये. ती म्हणते, तू लिहिलंच नसशील. तर मला फक्त एवढं सांगा, ते आहे की नाही?"

मी यादी उघडली. काल संध्याकाळी सात चाळीस. चार ओळी. ते चौदा वर्षांचे होते, चर्चच्या गायकवृंदात होते. ज्याच्यावर आरोप होता त्या माणसाचं नाव होतं, स्माइथशी त्याचा काही संबंध नव्हता. शेवटची ओळ होती: तेव्हा व्हिकरांना सांगितलं तर ते म्हणाले, ह्यासाठी आपण प्रार्थना करू.

पुढे लाल रेघ. हाइड केलं, रात्री नऊ बावीस. मी केलेलं.

असं काही कुणी सांगितलं तर चोवीस तासांच्या आत सेफगार्डिंगच्या, म्हणजे अत्याचाराच्या तक्रारी पाहणाऱ्या, अधिकाऱ्यांकडे पोचवायचं असतं. घड्याळाप्रमाणे अजून सहा-साडेसहा तास बाकी होते. कागदोपत्री मी चुकले नव्हते. पण ती कमेंट मी कुणाकडेही पाठवणार नव्हते, कारण मी ती वाचलीच नव्हती. त्यांनी फोन केला नसता तर ती तशीच राहिली असती, त्यांच्या एकट्याच्या फोनवर.

खोटं सांगणं सोपं होतं. तांत्रिक अडचण म्हणायची, कुणालाही पटतं. मी त्यांना खरं सांगितलं. मी ती लपवली, नियमामुळे लपवली, आणि न वाचता लपवली ही माझी चूक आहे. मला क्षमा करा.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे तेव्हासारखंच."

ह्याला मी काय उत्तर देणार? काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने विचारलं, की आमच्या सेफगार्डिंगच्या बाई खालच्याच मजल्यावर आहेत, त्यांच्याशी बोलाल का? बोलेन म्हणाले, पण आधी तुम्ही लिहून घ्या. कॉम्प्युटरवर नको, कागदावर. मी ड्रॉवरमधून पिवळी वही काढली. ते सावकाश सांगत गेले, मध्ये थांबून विचारत, "लिहिलं?" आणि मी म्हणायची, "लिहिलं." त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. इतकंच सांगते की त्या दिवशी चर्चमध्ये कोणतं गीत म्हणत होते, वेदीवर कोणत्या रंगाचं कापड होतं, हेही त्यांना आठवत होतं.

दोन वाजले असतील. माझ्या समोरच्या टेबलावरची मुलगी एकदम उभी राहिली. मग दुसरी. कुणीतरी आमच्या वरिष्ठ बाईंना हाक मारली. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात बातम्यांच्या पट्ट्या एकावर एक चढायला लागल्या. दोन-तीन फोन एकदम वाजू लागले. वरिष्ठ बाई माझ्यापाशी येऊन हातानेच खूण करत होत्या, ठेव फोन, ठेव. मी मान हलवून नाही म्हटलं. नोकरीत त्यांना असं नाही म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ. त्यांनी वहीकडे पाहिलं, वरच्या दोन ओळी वाचल्या असाव्यात, आणि माझा वाजणारा दुसरा फोन स्वतः उचलून त्या पलीकडे गेल्या. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

"तिकडे काय झालं?" गृहस्थांनी विचारलं. त्यांना आवाज ऐकू जात होता.

मी म्हटलं, "आर्चबिशपांनी राजीनामा दिला."

"वेल्बींनी?"

"हो. आत्ताच."

राजाला मुकुट घालणारा माणूस. त्या पदावरच्या माणसाला अशा कारणाने उतरावं लागणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते सगळ्या खोलीच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. माझेही हात गार पडले होते. पलीकडे काही क्षण शांतता. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, न्याय झाला किंवा झाला नाही, काहीतरी.

ते म्हणाले, "बरं. आपण कुठे होतो?"

मी वहीत पाहून सांगितलं. आणि त्यांनी तिथून पुढे सुरू केलं.

दोन पंचवीसला मी त्यांना खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे जोडून दिलं आणि वहीची पानं स्वतः खाली नेऊन दिली. वर आले तेव्हा आर्चबिशपांचं निवेदन सगळ्यांच्या स्क्रीनवर होतं. २०१३ ते २०२४ या दीर्घ आणि पुन्हा पुन्हा जखमा उघडणाऱ्या काळाची वैयक्तिक आणि संस्थेच्या वतीने जबाबदारी आपण घेतलीच पाहिजे, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. रेडिओ, पेपर, आणि ख्रिसमसच्या पत्रिका आधीच छापून घेतल्यात, आता त्यातल्या मजकुराचं काय करू विचारणारे एक पाळक.

मधेच आईचा फोन. पुण्यात रात्रीचे आठ वाजले होते. देवळातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी पोचली होती. "अगं, आर्चबिशपसाहेबांनी सोडलं म्हणे?" मी हो म्हटलं. "आणि ती मुलं? ती आता केवढी असतील?" मी म्हटलं, "साठीची गं, आई. काही त्याहून मोठी." आई म्हणाली, "अरे देवा. तुझ्या मामाएवढी."

आमच्या बिशपांच्या निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आला. पहिला परिच्छेद आर्चबिशपांच्या सेवेबद्दल कृतज्ञतेचा, दुसरा त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी प्रार्थनेचा, तिसरा पीडितांबद्दल. मी वरिष्ठ बाईंना म्हटलं, तिसरा वर घ्या ना. आणि त्यात नुसतं प्रार्थना करतो असं नको, फोन कुठे करायचा ते लिहू, माणसाचा नंबर देऊ. त्यांनी कारण विचारलं नाही. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे; तो नसता तर मी ह्या नोकरीत कशाला राहिले असते? पण ती चार ओळींची कमेंट वाचल्यावर तो शब्द एकटा लिहायला माझा हात धजेना. चार वाजता निवेदन गेलं.

पाचला खालच्या बाई वर आल्या. त्या माणसाचं नाव आणि वहीतली माहिती पोलिसांकडे द्यायला गृहस्थ तयार होते. कमेंटचं काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते नाव सध्या सगळ्यांपुढे नको, त्यांच्याच तक्रारीला धक्का बसेल, हे मी त्यांना समजावलंय आणि त्यांना पटलंय. नाव सोडून ते पुन्हा लिहिणार आहेत, आजच्या निवेदनाखाली.

ऑफिस रिकामं झालं तरी मी थांबले. बाहेर अंधार पडून दीड तास झाला होता. सहा दहाला त्यांची कमेंट आली. त्याच चार ओळी, नाव तेवढं नव्हतं. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "एक माणूस".

त्याखाली डायोसिसच्या वतीने मी दोनच वाक्यं लिहिली. आम्ही हे वाचलं आहे. तुम्ही सांगितलंत याबद्दल आभार.

मग ऑफिसच्या खात्यातून बाहेर पडले. पर्समधून माझा स्वतःचा फोन काढला. ते माझे फेसबुकवरचे कुणी नाहीत, त्यामुळे मला दिसलं म्हणजे कुणालाही दिसेल. पान उघडलं, निवेदनापर्यंत आले, कमेंट खाली सरकवत गेले. बऱ्याच होत्या. अंगठा थरथरत होता म्हणून दोनदा पुढे निघून गेले आणि मागे आले.

होती. मी ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, आणि मग कोट घातला.