दुखणे विचारायला शिकताना

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी मेडिकल वॉर्डची पोस्टिंग सुरू होण्यापूर्वी मी नाडी, रक्तदाब, इंजेक्शनच्या जागा आणि औषधांच्या मात्रा यांची कसून तयारी केली. रुग्णाच्या संस्कृतीची जाण हा भाग मात्र मला परीक्षेपुरता वाटत होता. मी नागपुरात जन्मले आणि वाढले, मराठीइतकीच हिंदीही सहज बोलते, तेव्हा इथल्या रुग्णांविषयी वेगळे काय शिकायचे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात नागपूरच्या वॉर्डात गडचिरोली, गोंदिया, यवतमाळचे रुग्ण असतात तसे छिंदवाडा, बालाघाटचेही असतात, आणि एकाच रांगेतल्या खाटांवर वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, हिंदी असे सगळे ऐकू येते.

पहिल्याच आठवड्यात सिकलसेलच्या तीव्र वेदनेमुळे दाखल झालेली, गडचिरोली जिल्ह्यातली एक गोंड स्त्री माझ्याकडे होती. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा येतात, हे मला पाठ होते. “शून्य ते दहापैकी किती दुखते?” असे मी विचारले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, “थोडं” म्हणाली आणि मी चार्टवर 2 लिहून पुढच्या खाटेकडे गेले. अर्ध्या तासाने इन्चार्ज सिस्टरांनी नाडी पाहिली तेव्हा ती 120 होती आणि चादरीचे टोक तिच्या मुठीत आवळलेले होते. त्यांनी सोबतच्या भाचीला गोंडीतून विचारायला लावले, तेव्हा रात्रभर तिचा डोळा लागला नसल्याचे कळले; डॉक्टरांना कळवून वेदनाशामक दिले गेले.

अडचण केवळ भाषेची असती तर मला इतके लागले नसते. “आदिवासी पेशंट फार सोसतात” हे हॉस्टेलवर ऐकलेले वाक्य मनात घर करून होते, म्हणून तिचे “थोडं” मला पटले. तिच्या समाजाविषयी मला जे ठाऊक आहे असे वाटत होते, तेच तिच्या आणि माझ्या मध्ये आले.

त्यानंतर रुग्णाच्या संस्कृतीला धरून शुश्रूषा कशी करावी हे मांडणाऱ्या अमेरिकन परिचारिका मॅडेलीन लायनिंगर यांचा सिद्धांत मी पुन्हा वाचला. रुग्णाच्या रीती जपाव्यात, कुठे जुळवून घ्यावे, कुठे बदल सुचवावा, या त्यांच्या तीन वाटा पुढे बाळंतिणींच्या वॉर्डात उपयोगी पडल्या. बाळाच्या मनगटातला काळा दोरा सैल असेल तर राहू द्यावा. सलाईनच्या आड येत असेल तर आईला विचारून दुसऱ्या हातात बांधावा. पण चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवणे थांबवावेच लागते. तिथेही सुनेला समजावून काही साधत नाही, आधी सासूबाईंजवळ बसावे लागते, हे मात्र कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही.

आता मी आकडा शेवटी विचारते. “रात्री झोप लागली काय जी? पाय टेकता येते काय?” असे आधी विचारते आणि आकड्याशेजारी रुग्णाचा स्वतःचा शब्दही लिहून ठेवते. सुटी होण्याच्या दिवशी त्या बाईंनीच मला ‘कुठे दुखते’ हे गोंडीत कसे विचारायचे ते सांगितले. मी ते वहीत उतरवून मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा भाचीला हसू आवरेना. तिने माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले.