बंद करायचं तर कागद द्या

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझा केबलचा धंदा आहे. नव्वदच्या दशकात गच्चीवरच्या डिशनं सुरुवात झाली, आता केबलबरोबर ब्रॉडबँडच्या लायनीही देतो. टीव्हीवर, ओटीटीवर आणि इंटरनेटवर काय दिसावं नि काय दिसू नये हे सरकारनं ठरवावं का, यावर वकील बोलतात, पत्रकार बोलतात, सिनेमावाले बोलतात. पण चॅनल बंद होतं ते ज्याच्या हातानं, त्या केबलवाल्याला कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहितोय.

आमचा केबल टीव्हीचा कायदा १९९५ चा. नोंदणी कैक वर्षं हेड पोस्टात व्हायची, वर्षाला पाचशे रुपये फी. कलम ५ म्हणतं की कार्यक्रमसंहितेत न बसणारं काही दाखवायचं नाही. ती संहिता नियम ६ मध्ये आहे आणि तिची सुरुवातच सुरुची आणि सभ्यतेपासून होते. कुणाची सुरुची, ते कुठं लिहिलेलं नाही. कलम ११ प्रमाणे अधिकृत अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त, संहिता मोडल्याचं त्याला वाटलं तर आमची यंत्रसामग्री जप्त करू शकतो. कलम १९ प्रमाणे एखादा कार्यक्रम किंवा चॅनल बंद ठेवायलाही तो सांगू शकतो, पण त्यासाठी आदेश काढावा लागतो.

हा आदेश मी धंद्यात फारसा कधी पाहिलाच नाही. यायचा तो फोन.

ॲनालॉगच्या काळातली एक रात्र सांगतो. नऊच्या बातम्या चालू होत्या. फोन आला, "भाऊ, ते अमुक न्यूज चॅनल आजच्या दिवस बंद ठेवा. वरनं आलंय." मी विचारलं, "साहेब, लेखी काही मिळंल का?" पलीकडून उत्तर आलं, "लेखी-बिखी काय नाही. बंद ठेवा म्हणजे झालं." तेव्हा प्रत्येक चॅनलला रॅकमध्ये वेगळा मॉड्युलेटर असायचा. मी त्याचं बटण दाबलं, लाल दिवा विझला आणि निम्म्या पेठेतल्या टीव्हीवर मुंग्या आल्या. बारा वाजेपर्यंत ग्राहक मलाच शिव्या घालत होते, तुमची केबल कधी सरळ चालत नाही म्हणून. फोन कुणाचा होता हे त्यांना सांगायचीही सोय नव्हती.

कुठलाच ऑपरेटर असल्या वेळी "नाही" म्हणत नाही. रॅक, डिकोडर, ॲम्प्लिफायर सगळं कर्जावर घेतलेलं असतं. एकदा पंचनामा होऊन सामान पोलीस ठाण्यात गेलं की सोडवून आणायला महिने लागतात आणि तोवर ग्राहक शेजारच्या ऑपरेटरकडे गेलेला असतो. सरकारला चॅनलच्या मालकाशी भांडावं लागत नाही, कोर्टात कारण द्यावं लागत नाही. घराघरातल्या नळाला हात न लावता टाकीचा कॉक फिरवला की काम होतं, आणि तो कॉक म्हणजे आम्ही.

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं टीव्हीवर फक्त यू आणि यूए प्रमाणपत्राचेच, म्हणजे प्रौढांसाठीचे सोडून बाकीचे, सिनेमे दाखवा असा आदेश दिला. मागणी साधी होती, घरात पोरं टीव्ही बघतात. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी मुंबईतल्या केबलवाल्यांवर छापे घातले, डिकोडर उचलले आणि सिनेमाची चॅनलंच्या चॅनलं काही दिवस गायब झाली. इथं कोल्हापुरातही आम्ही एकमेकांना फोन करून कुठलं चॅनल ठेवायचं, कुठलं काढायचं याचे अंदाज बांधत होतो. धास्ती बसली की माणूस कायद्यानं सांगितलंय त्याच्या दुप्पट बंद करतो. हे मी स्वतः बघितलंय.

तरी पोरांची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. आमच्या ग्राहकांत एक आजी आहेत. नातू दिवसभर त्यांच्याकडं असतो. त्या तक्रार घेऊन आल्या, "असली घाण चॅनलं लावताच कशाला? सरकारनं बंद करायला पायजेत." मी त्यांच्या घरी गेलो. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावलेलं होतं, आकडे पुसट झालेले. मेनू उघडून पॅरेंटल लॉक दाखवलं, आधीचा पिन बदलून त्यांच्या मनातला आकडा टाकायला लावला, नातवाला बाहेर पाठवून. तीन चॅनलं बंद केली. त्यांनी चौथंही सांगितलं, सुनेच्या मालिकेचं. ते ठेवायचं की नाही यावरून सासू-सुनेत जरा बोलाचाली झाली आणि राहिलं. असले निर्णय त्या घरातच व्हावेत असं मला वाटतं. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमानं ग्राहक एकेक चॅनल निवडून त्याचे पैसे भरतो. जे त्यानं पैसे मोजून मागितलंय, ज्याला कुलूप घालायचं बटण त्याच्याच हातात आहे, त्याच्यावर दिल्लीतल्या बाबूनं आधीच कात्री का चालवायची?

ओटीटीलाही २०२१ च्या नियमांनी वयाचे शिक्के लावले, सात, तेरा, सोळा वर्षांवरचे आणि प्रौढांसाठीचे, शिवाय लॉक सक्तीचं केलं. इथवर मला पटतं. पण त्याच नियमांत आचारसंहिता आणि वर सरकारी देखरेख होती. पत्रकार निखिल वागळे आणि एक वृत्तसंकेतस्थळ उच्च न्यायालयात गेले, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये संहितेच्या सक्तीला स्थगिती मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण विधेयकाचा मसुदा आला, ओटीटीला टीव्हीच्याच दावणीला बांधणारा. पुढच्या वर्षी त्याची दुसरी प्रत निवडक लोकांनाच वाटली गेली. घरात बसून यूट्यूबवर बातम्यांचं विश्लेषण करणाराही त्यात सापडेल अशी ओरड झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रालयानं नवा मसुदा आणतो असं जाहीर केलं. सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा की खरा हे सरकारच्याच सत्यशोधन कक्षानं ठरवायचं, हा २०२३ चा नियमही मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. फिर्यादीच न्यायाधीश कसा होणार?

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो केरळमधल्या मीडियावन चॅनलचा निकाल. २०२२ मध्ये त्यांचा परवाना वाढवून द्यायला केंद्रानं नकार दिला. कारण सीलबंद पाकिटात, फक्त न्यायाधीशांनी वाचायचं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, चंद्रचूड साहेबांच्या खंडपीठानं, सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नुसतं नाव घेऊन हे चालणार नाही. एवढ्या मोठ्या चॅनललाही कारणाचा कागद मिळायला सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. पेठेतल्या ऑपरेटरचं काय?

आता दुसरी बाजू. एका ग्राहकाच्या मुलीचा चेहरा कुणीतरी दुसऱ्याच्या उघड्या फोटोवर चिकटवला आणि फिरवला. बाप माझ्याकडं आला, रडत होता. "तुमच्या नेटवरनं जातंय, सगळ्यांची लाईन तोडा." लाईन तोडून फोटो जात नाही, हे त्याला त्या घडीला कसं समजावणार? आम्ही लिंका उतरवून घेतल्या, स्क्रीनशॉट काढले, त्या कंपनीकडं तक्रार टाकली. ठाण्यात पहिल्या दिवशी "उद्या या" म्हणाले. अशी तक्रार आली की चोवीस तासांत फोटो काढायचा, हे २०२१ च्या नियमांत लिहिलं होतं. प्रत्यक्षात तो उतरला तोवर गल्लीभर फिरून झाला होता. मुलगी पुढं बरेच दिवस क्लासला गेली नाही.

इथं मला सरकार हवंय, आणि रात्री बारा वाजताही हवंय. लहान मुलांचं शोषण, बाईचे चोरून काढलेले फोटो, जिवे मारायच्या धमक्या यांना एक तासही मिळू नये. पण या कामाला माणसं कमी असतात आणि कुणाच्या तरी स्टेटसमागं धावायला सगळं खातं असतं. जून २०२३ मध्ये काही पोरांच्या स्टेटसवरून आमच्या कोल्हापुरात दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद झालं. स्टेटस ठेवणारे मोजके, गैरसोय साऱ्या शहराची. भाजीवालीला यूपीआयचे पैसे मिळेनात, ॲडमिशनच्या धांदलीतली पोरं माझ्या दुकानात येऊन उभी. असे बंदीचे आदेश प्रसिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्येच काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं होतं.

न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश आल्यावरच मध्यस्थानं, म्हणजे लोकांचा मजकूर पोचवणाऱ्या कंपनीनं, तो काढावा, हेही २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात आहे. आयटी कायद्याचं कलम ६६अ त्याच निकालात गेलं, ज्याखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली होती. आता केंद्राच्या 'सहयोग' पोर्टलवरून राज्याराज्यांतले अधिकारी मजकूर काढायच्या नोटिसा थेट कंपन्यांना पाठवतात. एक्सनं, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरनं, आव्हान दिलं, ते सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं फेटाळलं. मला तो निकाल पटलेला नाही. ज्यानं लिहिलं त्याला विचारायचंच नाही आणि मधल्यावर दाब टाकायचा, ही आमच्या फोनचीच रीत आहे. कंपनी कितीही मोठी असो, धंदा बुडायची भीती दिसली की तीही बटण दाबणार.

धंद्यात नव्यानं आलेल्या पोरांना मी सांगत असतो, फोन आला की आवाज चढवायचा नाही. म्हणायचं, "साहेब, कलम १९ चा आदेश द्या, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तरी चालंल." आणि डायरीत तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवायचं. मागं एकानं तसं केलं. आदेश आला नाही, चॅनल चालू राहिलं. तो मात्र पुढं आठवडाभर रॅकची बिलं आणि नोंदणीचा दाखला गाडीच्या डिकीत घेऊन फिरत होता.