आईच्या घराचा भाव आणि इंडेक्स टू

"ताई, पस्तीसच्या वर एक रुपया येणार नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग नाही आणि रिडेव्हलपमेंटचं अजून कशात काही नाही." एजंटचा फोन स्पीकरवर होता आणि आई समोर मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

डोंबिवली पूर्वेचं ते घर बाबांनी १९८७ साली घेतलं. ४८० चौरस फूट बिल्टअप (म्हणजे भिंतींसकट), किंमत १ लाख ८ हजार. त्यातले ४० हजार पतपेढीचं कर्ज होतं, ते फेडायला त्यांना नऊ वर्षं लागली. बाबा गेल्यावर आई चार वर्षं तिथे एकटी राहिली. मग गुडघ्यांना तीन जिने झेपेनात, तशी ती माझ्याकडे पुण्याला आली. बंद घराला ओल धरते, म्हणून दादाने आणि मी विकायचं ठरवलं. आईनेही हो म्हटलं. पण "पस्तीस" ऐकल्यावर तिचा चेहरा पडला, आणि तो पैशांमुळे पडला नव्हता. बाबांच्या नऊ वर्षांची कोणीतरी परस्पर किंमत लावून टाकली, असं तिला वाटलं.

आता माझ्यापुढे तीन आकडे होते. एजंटचे ३५ लाख. तळमजल्यावरच्या काकूंचे ४८ ("अगं, दुसऱ्या मजल्यावरचं गेलं की अठ्ठेचाळीसला, मी स्वतः ऐकलं"). आणि जाहिरातींच्या वेबसाइटवर आमच्याच गल्लीतल्या तशाच घराचे ५५. यातला एकही आकडा कोणी कोणाला प्रत्यक्ष मोजून दिलेला नव्हता. मी गेली सतरा वर्षं एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करते. आमच्याकडे कोणी तोंडी रक्कम सांगितली तर आम्ही एकच म्हणतो, व्हाउचर दाखवा. घराच्या विक्रीचं व्हाउचर म्हणजे इंडेक्स टू, सरकारी भाषेत सूची क्रमांक २.

तो कोणालाही बघता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९०८च्या नोंदणी कायद्याचं कलम ५७ सांगतं की स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ आणि त्याच्या सूची, शुल्क भरून, मागणाऱ्या कोणालाही पाहायला मिळाल्या पाहिजेत. तुम्ही त्या घराचे मालक असायची गरज नाही, कारणही द्यावं लागत नाही. पूर्वी त्यासाठी सर्च घेणारा वकील गाठून रजिस्ट्रार ऑफिसात वह्या चाळाव्या लागत. आता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे आणि त्यात एक विनाशुल्क शोधही आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकायचा, कॅप्चा भरायचा, की दस्तांची यादी समोर येते.

मी रात्री जेवणं आटोपल्यावर बसले. ठाणे, कल्याण, डोंबिवली. आमच्या इमारतीचं काही म्हणजे काही सापडलं नाही. दुसऱ्या रात्री बाबांचा करारनामा काढला. पिवळा पडलेला, पण त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोदरेजच्या कपाटात जपलेला. पहिल्याच पानावर टाइपरायटरची ओळ होती: "मौजे गजबंधन पाथर्ली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे". मी त्या घरात वयाची वीस वर्षं काढली, शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर "डोंबिवली (पूर्व)" लिहिलं, आणि महसुलाच्या कागदात मात्र आमचं गाव गजबंधन पाथर्ली आहे! लोक ज्याला डोंबिवली म्हणतात ते महसुली हिशेबात गजबंधन पाथर्ली, आयरे, चोळे अशा गावांमध्ये वाटलेलं आहे. शोध गावाच्या नावाने चालतो, पोस्टाच्या पत्त्याने नाही. तुमच्या शहरातही असंच काहीतरी निघेल. म्हणून आधी जुना करारनामा काढा. त्यात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, कुठे सिटी सर्व्हे नंबर असतो. तो एका पद्धतीने टाकून नाही मिळालं तर दुसऱ्या पद्धतीने टाकून बघा, कारण नोंद करणाऱ्याने तो जसा लिहिला तसाच तो शोधात येतो.

गाव बरोबर टाकल्यावर पानंच्या पानं आली. एका सर्व्हे नंबरवर आमच्यासारख्या बऱ्याच इमारती आहेत, आणि यादीत विक्रीबरोबर बाकी सगळं पण येतं. लिव्ह अँड लायसन्सचे भाडेकरार, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, बँकेकडे कागद गहाण ठेवल्याच्या नोटीस ऑफ इंटिमेशन. वर्णनातलं इमारतीचं नाव वाचून एकेक बाजूला काढावं लागतं. एका वर्षाचा शोध एका वेळी. मी २०१९पासून २०२३पर्यंत पाच वर्षं घेतली आणि एका दोनशे पानी वहीत रकाने आखले: तारीख, मजला, क्षेत्रफळ, मोबदला, बाजारभाव, दर. एक्सेल उघडता आलं असतं, पण आईला वही वाचता येते.

इंडेक्स टूचं एकच पान असतं, पण ते सावकाश वाचायचं असतं. पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार. दुसरीत मोबदला, म्हणजे दोघांनी कागदावर मान्य केलेली किंमत. तिसरीत बाजारभाव. या शब्दाने माझा एक मित्र पूर्ण फसला होता. हा बाजारातला भाव नसून सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, काढलेलं मूल्य असतं. जुन्या इमारतीला त्यात घसारा धरतात, लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्यांचं मूल्य कमी धरतात. मोबदला आणि बाजारभाव यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं. चौथ्या ओळीत मिळकतीचं वर्णन आणि पाचवीत क्षेत्रफळ, बहुधा चौरस मीटरमध्ये. त्याला १०.७६४ने गुणलं की चौरस फूट. पण ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप, हे पाहिल्याशिवाय भागाकार करू नका. रेरा हा बिल्डरांवरचा कायदा आल्यापासून नव्या घरांचे करार कार्पेटवर होतात, आमच्यासारख्या जुन्या घरांचे दस्त अजून बिल्टअपवर चालतात. दोन्ही एकाच रकान्यात टाकले तर जुनं घर उगाच स्वस्त दिसतं.

आमच्या इमारतीची पहिली विक्री सापडली ती २०२१ची. आमच्याच मजल्यावरचं, आमच्याच मापाचं घर, मोबदला १८ लाख. मी वही मिटून पाणी प्यायला उठले. १८? म्हणजे एजंटचे ३५ ही मेहेरबानीच झाली. परत येऊन चौथी ओळ नीट वाचली. लांबलचक वर्णनाच्या शेवटी होतं, "सदर सदनिकेतील अविभाज्य १/२ हिस्सा". लिहून देणारा आणि लिहून घेणारा, दोघांचं आडनाव एकच. भावाने भावाचा अर्धा वाटा घेतला होता. म्हणजे पूर्ण घराचे ३६ लाख, तेही घरातल्या घरात.

त्या दोघा भावांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांच्यात वाटणी झाली हे आम्हाला माहीत नव्हतं. या पानावर नाव, वय, पत्ता सगळं असतं, आणि ते वाचताना मला दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं झालं. कायद्याने ते उघडं आहे आणि उघडंच असावं, असं माझं ठाम मत आहे, नाहीतर एकच घर तिघांना विकणारे मोकाट सुटतील. पण मी वहीत फक्त आकडे उतरवले, नावं नाही. आईलाही सांगितलं नाही.

पुढचा दस्त तळमजल्याचा, मोबदला ३२ लाख. नोंदणी फेब्रुवारी २०२१ची, पण नवव्या ओळीत दस्त करून दिल्याची तारीख ३० डिसेंबर २०२०. करोनानंतर सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं, जानेवारी ते मार्च २०२१ सवलत २ टक्के होती. दस्तावर सह्या झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात. त्यामुळे लोकांनी डिसेंबर संपायच्या आत शुल्क भरून टाकलं आणि नोंदणी सवडीने केली. तो भाव लॉकडाउनच्या वर्षातला आहे हे दहाव्या ओळीतल्या नोंदणीच्या तारखेवरून कळत नाही, नववी बघावी लागते.

मग २०२२चा पहिला मजला: ३८ लाख ५० हजार, आमच्याइतकंच क्षेत्रफळ. फुटाला ८,०२१ रुपये. आणि २०२३चं दुसऱ्या मजल्याचं ते काकूंचं ४८ लाखांचं घर. कागदावर ४३ लाख २० हजार. शिवाय ते कोपऱ्यातलं मोठं घर, ५२५ फूट. दर ८,२२९. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. जिन्यातून चार मजले फिरून येईपर्यंत आकडा फुगतो.

एक दस्त मात्र मी वहीत लिहून त्यावर काट मारली. मोबदला २६ लाख ८३ हजार ५००, बाजारभावही बरोबर २६ लाख ८३ हजार ५००. घासाघीस करताना कोणी या आकड्यावर येऊन थांबत नाही. माणसं सव्वीस म्हणतात, सत्तावीस म्हणतात, फार तर साडेसव्वीस. सरकारी मूल्य काढून तेवढंच कागदावर लिहिलं आणि बाकीचं पिशवीतून दिलं, असं माझं त्यावरून मत झालं. सिद्ध करता येणार नाही. पण भाव काढायला तो दस्त निरुपयोगी, आणि तो तसा व्हावा याचा मला मनापासून राग आला. मी तीन रात्री जागून एक खरा आकडा शोधत होते आणि कोणीतरी त्या जागी खोटा ठेवून गेला होता.

वही घेऊन मी एजंटला भेटले. त्याने दोन पानं उलटली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही तर सगळं काढलंय." त्यानंतर पस्तीसचं नाव निघालं नाही. आम्ही ४१ सांगितले.

पहिलं गिऱ्हाईक चांगलं होतं. नवराबायको, दोघं नोकरीला, घर आवडलेलं. ४१ला तयार, पण ११ रोख, कागदावर ३०. "आमचं मुद्रांक शुल्क वाचेल, तुमचाही टॅक्स वाचेल, सगळे असंच करतात." आयकर कायद्यानुसार जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. हे मी त्यांना सांगितलं. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात कायदा नंतर आला, आधी ती काट मारलेली ओळ आली. आमच्या घराचे ३० लाख लिहिले गेले असते, तर पुढच्या वर्षी तळमजल्यावरच्या काकूंना कोणीतरी तोच दस्त दाखवून म्हणालं असतं, बघा, तिसरा मजला तिसाला गेलाय. आईला विचारलं. ती म्हणाली, "बाबांनी एक लाख आठ हजार दिले तेव्हा एक लाख आठ हजारच लिहिले होते ना? मग झालं तर."

ते गिऱ्हाईक गेलं. पुढचे अडीच महिने कोणी आलं नाही, आणि दादा दोनदा माझ्यावर चिडला. त्याचंही चुकलं नव्हतं, मेंटेनन्स आम्हीच भरत होतो. शेवटी एका शिक्षिकेने घेतलं. ३९ लाख ७५ हजार, सगळे बँकेतून. फुटाला ८,२८१. टोकन, सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, हे सगळं नेहमीसारखंच. रजिस्ट्रार ऑफिसात आईचा अंगठा मशीनवर उमटेना, तिने पदराला बोट पुसून तीनदा ठेवला. फोटो काढताना तिने केस सारखे केले.

दोन महिन्यांनी मी पुन्हा ई-सर्च उघडलं. २०२४, ठाणे, कल्याण, गजबंधन पाथर्ली. लिहून देणाऱ्यांत आईचं नाव, वय ७६. माळा नं. ३. मोबदला ३९७५०००. मी तिला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून सगळं पान वाचलं आणि विचारलं, "यात बाबांचं नाव कुठे येत नाही का?" मी तिला १९८७चा करारनामा आणून दिला. तो मूळ कागद विक्रीबरोबर नव्या मालकीणबाईंकडे गेला होता, ही त्याची मी काढून ठेवलेली झेरॉक्स.

गेल्या रविवारी तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या मुलाची बदली झालीय, तेही विकायचं म्हणतायत. "तुमचं कितीला गेलं गं? लोक पंचेचाळीस म्हणतायत." मी आकडा सांगितला. मग म्हटलं, काकू, मुलाला फोन द्या. त्याने लॅपटॉप उघडला, वर्ष टाकलं, जिल्हा टाकला, तालुका टाकला.

"आता गावाच्या जागी डोंबिवली टाकू नकोस," मी म्हटलं. "करारनामा काढ आणि पहिलं पान वाच."