ताठ आणि चिवट यात फरक असतो बाबा

लाकडाचे तंतू घातलेल्या प्लास्टिकची पट्टी कधी वाकवून बघितलीय? साधी पॉलिप्रोपिलीनची पट्टी वाकते, पांढरी पडते, पण तुटायचं नाव घेत नाही. त्यात तीस-चाळीस टक्के लाकूड गेलं की मस्त ताठ होते आणि मग जरा जोर लावला की टक्, दोन तुकडे. सुरुवातीला मी ताठपणाचा आकडा बघूनच खूश व्हायचो, चिवटपणा ही वेगळीच चीज आहे हे कळेपर्यंत बरेच नमुने मोडले.

भानगड अशी की लाकूड पाणी ओढणारं आणि पॉलिप्रोपिलीन पाण्याला जवळ न करणारं, दोघांचं जमतच नाही. तुटलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरा, तंतू स्वच्छ उपसून आलेले, अंगावर प्लास्टिकचा कणही नाही आणि शेजारी गुळगुळीत भोकं. म्हणून मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन थोडंसं टाकतात, त्यातलं अ‍ॅनहायड्राइड लाकडाला धरतं आणि साखळी प्लास्टिकमध्ये गुंतते. ताकद वाढते. पण पकड फारच घट्ट झाली तर तंतू उपसतच नाही, जागच्या जागी तुटतो, आणि उपसताना घासून जी ऊर्जा खर्च झाली असती ती सगळी भेगेला पुढे पळायला मिळते!

मग रबर घाला, ईपीडीएम वगैरे. चिवटपणा येतो, पण ताठपणा उतरतो, म्हणजे ज्यासाठी लाकूड घातलं त्यावरच थोडं पाणी.

आणि हो, कुणी आघात चाचणीचा नुसता खाच पाडलेल्या नमुन्याचा आकडा दाखवला तर बिनखाचेचाही मागा. खाच असली की भेग आधीच तयार असते, खरी गोम तिला सुरुवात कुठून होते यात आहे, आणि ती होते तंतूंच्या टोकांपासून, गुठळ्यांपासून, नाहीतर लाकूड नीट न वाळवल्याने वाफेचे जे बुडबुडे राहतात तिथून. तापमान वाढवून मिश्रण पातळ करावं म्हटलं तर २०० अंशांच्या पुढे लाकूड करपायला लागतं. मिश्रण ढवळणारा यंत्रातला स्क्रू जोरात फिरवला तर गुठळ्या फुटतात खऱ्या, पण तंतूही तुटून आखूड होतात.

मला सगळ्यात भारी वाटलेला उपाय म्हणजे व्हिस्कोस किंवा लायोसेलचे तंतू, लाकडाचाच लगदा विरघळवून परत कातलेले, बारीक, लांब आणि लाकडापेक्षा जास्त ताणले जाणारे. आघात सोसायची ताकद खरंच कुठच्या कुठे वाढते. फक्त हॉपरमध्ये, म्हणजे यंत्रात माल ओतायच्या नरसाळ्यात, कापसासारखे फुगून अडकतात, मग बसा ढोसत.