बाबांचा शेरा

“बरोबर कंटाळवाणं काढलंय,” एवढेच बोलून बाबा चष्मा पुसत आत गेले आणि कालपासून ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसले आहे.

एरिक रॅव्हिलिअसच्या ‘एचएमएस ग्लोरिअस इन द आर्क्टिक’ या जलरंगचित्राची छापील प्रत चार वर्षे माझ्या टेबलासमोर आहे. 1939 च्या डिसेंबरात ब्रिटनने त्याला अधिकृत युद्धचित्रकार नेमले आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘हायलँडर’ या विनाशिकेवरून तो नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात गेला. तिथला मध्यरात्री न मावळणारा सूर्य, पाण्यावर सुक्या कुंचल्याचे बारीक फटकारे, दूरवर इवलीशी विमानवाहू नौका आणि वर विमाने. माणूस एकही नाही. या चित्रकाराने युद्ध टाळले, असे मी आल्यागेल्याला ऐकवत आलो आणि लोकही मान डोलावत आले. मग बाबांनीच का ऐकून घेऊ नये? माझे वाचन, माझी चार वर्षे, सगळे एका शेऱ्यात निकालात निघावे, याचे रात्रभर फार वाईट वाटत राहिले.

सकाळी चहाच्या वेळी विचारले, तेव्हा म्हणाले, “चार तासांचा वॉच. दुर्बीण लावून नुसतं पाणी बघायचं. काही दिसलं नाही म्हणजे गस्त चांगली झाली.” बाबा गस्तीवर काय करत असत, हे मी त्यांना आजवर कधी विचारलेच नव्हते. असो.

मग मी, हरलेला माणूस सांगतो तशा घाईने, पुढची हकीकत सांगितली: 8 जून 1940 रोजी जर्मन युद्धनौकांनी ‘ग्लोरिअस’ बुडवली, सोबतच्या दोन विनाशिकाही गेल्या, दीड हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्या दिवशी तिचे एकही विमान गस्तीवर नव्हते, डोलकाठीवरच्या टेहळणीच्या जागीही कोणी नव्हते. खुद्द रॅव्हिलिअस 2 सप्टेंबर 1942 रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आइसलंडहून एका बेपत्ता विमानाच्या शोधासाठी उडालेल्या विमानातून गेला, तो परतलाच नाही.

बाबांनी चित्रकाराविषयी चकार शब्द काढला नाही. कप खाली ठेवून त्यांनी एवढेच विचारले, “वर माणूस का नव्हता?” जणू त्या दिवशीची ड्यूटी मीच लावली होती. मीही ओशाळून, “चुकलंच,” म्हणालो.

दुपारी पाहतो तर ते माझ्या खुर्चीत बसून, भिंग घेऊन, चित्रातले क्षितिज डावीकडून उजवीकडे सावकाश तपासत होते.