ताप कितव्या दिवसाचा? नागपूरच्या प्रशिक्षणाला जाणाऱ्यांसाठी

आमच्या गडचिरोलीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्तस्रावी तापांच्या (डेंग्यू, इबोलासारखे, ज्यांत अंगात रक्तस्राव होऊ शकतो असे विषाणूंचे ताप) निदानाचं प्रशिक्षण घ्यायला पुढची मंडळी नागपूरला जाणार आहेत. मी नुकतीच जाऊन आले, म्हणून त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहाटेची एसटी धरा. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत ती गणेशपेठेत पोचते. तिथून मेयो रुग्णालयाला ऑटोने फार वेळ लागत नाही. एम्सला जायचं असेल तर सीताबर्डीहून खापरीकडची मेट्रो आणि पुढे ऑटो; मिहान शहराबाहेर आहे, हातात वेळ ठेवूनच निघा.

प्रशिक्षणातली सगळ्यात मोलाची गोष्ट कुठल्या यंत्राची नव्हती. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी नमुन्यांसोबत येणारे फॉर्म कसे असतात ते दाखवलं. नाव, वय, गाव व्यवस्थित, आणि ‘ताप कधी सुरू झाला’ हा रकाना कोरा. ती तारीख नसेल तर कुठली चाचणी लावायची हेच ठरत नाही. डेंग्यूत पहिले 5 दिवस एनएस-1 किंवा आरटी-पीसीआर, म्हणजे खुद्द विषाणू शोधणाऱ्या चाचण्या; त्यानंतर आयजीएम एलायझा, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरात उशिरा तयार होणारी प्रतिपिंडं शोधणारी चाचणी. दुसऱ्या दिवशीच्या रक्तावर आयजीएम लावून ‘निगेटिव्ह’ आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, पण घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि पेशंट दवाखान्यातून उठून जातो. इबोलाचंही तसंच. 2014 ते 2016 च्या साथीत पश्चिम आफ्रिकेत 11 हजारांवर माणसं गेली. तिथेही लक्षणं सुरू होऊन 72 तास व्हायच्या आत पीसीआर निगेटिव्ह आली तर ती पुन्हा करावी लागते.

आपल्याकडे तारीख विचारली तर कोणी सांगत नाही. ‘आठवडी बाजाराच्या आधी अंग तापलं की नंतर?’ असं विचारा, लगेच उत्तर मिळतं. तेवढं तरी फॉर्मवर आलंच पाहिजे.

डेंग्यूच्या संशयात दंडाला पट्टा आवळून त्वचेखाली रक्ताचे ठिपके येतात का बघायची टुर्निके चाचणी आपण शिकलो आणि विसरलो. ती परत हाताखालून घाला, कारण तिला लागतं फक्त बीपीचं यंत्र. वरच्या आणि खालच्या दाबाच्या मधोमध, म्हणजे 120/80 असेल तर 100 वर, पट्टा 5 मिनिटं फुगवून ठेवायचा. मग सोडायचा, हाताचा रंग पूर्ववत होऊ द्यायचा आणि कोपराच्या खाली एक चौरस इंच जागेत लाल ठिपके मोजायचे. 10 किंवा जास्त असतील तर चाचणी पॉझिटिव्ह. सावळ्या कातडीवर समोरून उजेड टाकला तर ठिपके हरवतात. टॉर्च आडवा धरा, तोंडातली टाळू आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजूही बघा. ठिपके आले नाहीत म्हणून मात्र डेंग्यू नाकारू नका.

प्लेटलेट कमी आहेत एवढ्यावर डेंग्यू म्हणायची घाई मला धोक्याची वाटते. फाल्सिपेरम मलेरियातही त्या पडतात, आणि आपल्या जिल्ह्यात आधी मलेरियाची आरडीटी (जागेवरच होणारी झटपट चाचणी) झालीच पाहिजे. तसंच कपडे बाजूला करून काखेत, कमरेला, कपड्याच्या नाडीखाली काळी खपली शोधा. स्क्रब टायफसची (बारीक किडा चावून होणारा जिवाणूंचा ताप) ती खपली दिसली तर डॉक्सिसायक्लिन देता येतं आणि पेशंट वाचतो. नुसत्या विषाणूच्या मागे लागून हे उपचार होण्यासारखे ताप हातचे जाऊ द्यायचे नाहीत.

सोबत दोन प्रश्न विचारा. गोव्याकडे किंवा सिंधुदुर्गात काजूच्या कामाला गेला होता का? गोव्यात 2015 पासून आणि सिंधुदुर्गात 2016 पासून क्यासनूर जंगलाचा ताप, म्हणजे गोचिडीतून येणारा माकडताप आहे; माकडं मेली होती का तेही विचारा. आणि गोचीड चावली, जनावर कापलं, गुजरातेतून आला असं काही? 2011 मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाचे रुग्ण सापडले, तेव्हा उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. असा संशय आला की रक्त काढण्याआधी जिल्हा साथरोग अधिकाऱ्यांना फोन करा. हातांत एकावर एक दोन हातमोजे, गाऊन, चष्मा आणि मास्क हवाच. फॉर्मवर ‘रक्तस्रावी ताप संशयित’ असं ठळक लिहा, म्हणजे पुढचा माणूस नळी बेसावध उघडणार नाही. तो नमुना पुण्याच्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्था) जाईल, असा धोक्याचा नमुना तपासायची सोय तिथे आहे.

नेहमीच्या नमुन्यांसाठी: झाकण घट्ट लावा, नळीभोवती कापूस, मग पिशवी, मग कडक डबा, आणि तो बर्फाच्या पॅकसह 2 ते 8 अंशांत. न वेगळं केलेलं रक्त गोठवू नका, पेशी फुटतात. लसीचा कॅरियर मात्र यासाठी वापरू नका, वेगळा डबा मागून घ्या. उन्हाळ्यात एसटीच्या टपावर किंवा इंजिनजवळ तो कधीच नको, आपल्या पायाशी ठेवा.

मेयोत नमुना देताना अहवाल कुणाच्या फोनवर येणार ते तिथल्या तिथे लिहून द्या, आणि आपल्या केंद्रातला एक माणूस रोज त्याची चौकशी करेल असं ठरवूनच गाडीत बसा.